सर बाद

आमच्या जुन्या कबड्डी संघाचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि सकाळची फुलं यांशिवाय काही येत नाही. गेल्या महिन्यात मात्र कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कुठलासा क्रिकेटचा प्रशिक्षक बारा-तेरा वर्षांच्या पोरावर भर मैदानात ओरडतोय आणि पोरगं मान खाली घालून उभं आहे. खाली प्रश्न होता, अशा प्रशिक्षकावर कारवाई व्हावी का? झालं. दिवसभर ग्रुप पेटला. निम्म्या म्हणत होत्या, ताबडतोब काढून टाका. उरलेल्या म्हणत होत्या, मग आपल्या सरांना जन्मठेपच झाली असती.

माझं मत कुणी मागितलं नव्हतं. मी कर्णधार होते, म्हणजे मागायला हवं होतं, म्हणून मी न मागता दिलं. कारवाई व्हावी. आपल्या सरांवर झाली, ती माझ्या आईने करवली, आणि ती झाली नसती तर आज आपण त्यांची आठवण एवढ्या हसत काढली नसती. यावर तिघींनी अंगठे दाखवले आणि एकीने विचारलं, "सरांना आता शुगर हाय ना गो?" आमच्या ग्रुपवर कुठल्याही वादाचा शेवट असाच होतो.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. त्यांची स्वतःचीच शाळा सातवीनंतर सुटली होती. पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या एका कारखान्यात ते आखणीचं काम करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यातून मूर्ती काढणारे, घासणारे, रंग मारणारे पुष्कळ असतात. डोळे काढणारा हात मात्र कारखान्यात एखाद्याचाच. मी एकदा आईबरोबर तिथे गेले होते तेव्हा पाहिलं होतं. फळीवर ओळीने बसलेले बिनडोळ्यांचे गणपती, आणि सर एकेकापुढे उकिडवे बसून, श्वास रोखून कुंचला टेकवतायत. पापणी पुरी झाली की मगच श्वास सोडायचे. "श्वास सुटला की देव तिरळा व्हतो," असं ते म्हणायचे. कारखान्यात त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. मालक तर सांगायचा की एवढा गरीब माणूस अख्ख्या पेण तालुक्यात शोधून सापडणार नाही.

मालकाचं हे वाक्य आम्ही एकमेकींना म्हणून दाखवायचो आणि पोट धरून हसायचो. कारण दिवसभराची सगळी शांतता सर जोह्यालाच संपवून यायचे. संध्याकाळी पाचला पेणच्या आमच्या मैदानावर उतरायचे तेव्हा त्यांच्याकडे आरडाओरड्याशिवाय काही शिल्लक नसायचं.

दिसायला एवढासा माणूस. खिशात तीन कुंचले, बाह्यांवर सोनेरी रंगाचे डाग, आणि कानामागे कधीकधी तसाच राहिलेला गुलाबी फराटा. ओरडायला लागले की मानेच्या दोन शिरा अशा वर यायच्या की आमच्यातल्या लहान मुली त्यांच्याकडेच बघत राहायच्या आणि चढाई विसरायच्या. घाणेरडी शिवी त्यांनी कधी दिली नाही. त्यांचे शब्द सगळे कारखान्यातले. पकड सुटली की "कच्ची माती हाय, कच्ची माती." जागेवरून हलली नाही तर "पाटावर बसलीस काय, इसर्जनाची वाट बघत?" एकदा मी पाय पुढे टाकायला घाबरले तेव्हा म्हणाले, "तुला साच्यातून काढली कोणी गो इतक्या लवकर?" हे मी आजही, जिथे काम करते त्या लॅबमध्ये, नव्या पोरांना म्हणते. त्यांना कळत नाही, पण ती कामाला लागतात.

राग फार वाढला की ते चप्पल फेकायचे. नेहमी डाव्या पायातली, आणि नेहमी आमच्या डोक्यावरून, दूर. मग एका पायावर लंगडी घालत स्वतःच आणायला जायचे. गडब गावात हायवेच्या कडेला एक स्पर्धा होती. आम्ही हातची पकड घालवली, सरांनी चप्पल भिरकावली, आणि त्याच वेळी नागोठण्याकडे पेंढा भरलेला टेम्पो चालला होता. चप्पल पेंढ्यात जाऊन बसली आणि टेम्पो निघून गेला. सर धावले, पण एका चपलेने माणूस किती धावणार? सामना संपल्यावर ते तिथल्या चहाच्या टपरीवर बराच वेळ चौकशी करत होते, की हा टेम्पो रोजचा आहे का आणि परत कधी येतो. पेणच्या एसटीत एका पायात चप्पल घालून बसले आणि उतरेपर्यंत आमच्यातल्या कुणाशी बोलले नाहीत. आम्हीही मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

माफी हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. पण ज्या दिवशी जास्त ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोह्याचे भाजलेले पापड यायचे. त्यांची बायको ते घरी करायची. जेवढा ओरडा मोठा तेवढी पिशवी फुगलेली. आमची एक कोपऱ्यातली खेळाडू होती, तिला पापड भारी आवडायचे. ती आदल्या दिवशी मुद्दाम पकड सोडायची. हे सरांना कळलं तेव्हा ते तिच्यावर इतके चिडले की दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या आणाव्या लागल्या.

हे सगळं असं हसण्यावारी चाललं होतं. मग वनिता आली.

वनिता डोंगराकडच्या कातकरी वाडीतली. तिचे आईबाप मोलमजुरी करायचे, कापणीच्या दिवसांत तीही त्यांच्याबरोबर जायची आणि तिथून चालत सरावाला यायची. तिच्यासारखी चढाई मी नंतरही कुणाची पाहिली नाही. मधल्या रेषेवरून निघायची ती समोरच्या फळीला कळायच्या आत कुणाला तरी शिवून परत. सर तिला बघून पहिल्यांदा गप्प झाले होते. आम्हाला हेवा वाटला, मी खोटं कशाला बोलू.

एके दिवशी ती तासभर उशिरा आली. सामना चार दिवसांवर होता. पायाला चिखल, हातात विळा, धापा टाकत ती मैदानाच्या कडेला उभी राहिली. सरांनी कारण विचारलं नाही. "ही काय यायची येळ? यायचं नसंल तर येऊ नको. उद्यापासनं तोंड दाखवू नको," असं ओरडले आणि चप्पल फेकली. या वेळी ती आमच्या डोक्यावरून गेली नाही. सरळ गेली आणि वनिताच्या खांद्यावर लागली.

आम्ही हसलो. चप्पल उडाली की आम्ही हसायचो, तशाच हसलो. वनिताने आमच्याकडे पाहिलं, वाकून चप्पल उचलली, सरांच्या पायापाशी नीट ठेवली आणि निघून गेली.

सरांचं 'उद्यापासून येऊ नको' याचा अर्थ 'उद्या पंधरा मिनिटं आधी ये' असा असतो, हे आम्हाला पाठ होतं. वनिताला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला येऊ नको म्हटलं, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पापडांची पिशवी आली आणि पाच दिवस कुणी न सोडता तशीच पडून राहिली. पापड सादळले. सामना आम्ही हरलो.

मी घरी ही गोष्ट गंमत म्हणूनच सांगितली. चप्पल कशी गेली, वनिताचं तोंड कसं झालं, सगळं हातवारे करून. आई भाकरी थापत होती. ती एसटीत कंडक्टर. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून, खिडकीवरून, उभं राहण्यावरून भांडणारी माणसं तिच्या वाट्याला यायची.

"लागलं का तिला?" आईने विचारलं.

"थोडंसं. चप्पलच तर होती."

आईने हात धुतले. "मी रोज किती जणांचं ऐकून घेते, तुला माहितेय? माझा आवाज चढला ना, तर प्रवासी नंबर लिहून घेतो आणि मला मेमो येतो. उत्तर द्यावं लागतं लेखी. कुणाच्या अंगावर काही फेकलं तर घरी बसवतील. ती तर मोठी माणसं, भाडं देऊन बसलेली. ही परक्याची लेकरं. त्यांच्यावर ओरडणाऱ्याला मेमो नको?"

मी रडले, पाया पडले, जेवणार नाही म्हणाले. संघातल्या मुली मला वाळीत टाकतील अशी मला खात्री होती. आईने माझ्याच वहीतलं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. मला जेवायलाही वाढलं.

आमचा संघ ज्या क्रीडा मंडळाचा, त्याची बैठक रविवारी भरली. आम्हा मुलींना दाराबाहेर बसवलं होतं, पण दार लागत नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष सरांचे लहानपणचे मित्र. ते म्हणाले, "अहो बाई, रागावल्याशिवाय पोरं घडतात व्हय?"

आई म्हणाली, "मग उद्या सकाळी माझ्या गाडीत बसा. मी तुम्हाला नागोठण्यापर्यंत घडवत नेते."

आतून कुणीतरी हसलं. मग सरांना विचारलं, तुमचं काय म्हणणं. सर उभे राहिले. जोह्याच्या मालकाला माहीत असलेला तो आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ते म्हणाले, "बाईंचं खरं हाय. मी पोरीला मारलं. मारायचं नव्हतं, पण लागलं तर लागलंच ना. मला काढायचं तर काढा. पन मला कबड्डी सोडून दुसरा नाद नाय, आन् कारखान्यात दिवसभर गप बसून मला संध्याकाळी येड लागंल."

मंडळाने ठरवलं ते असं. सरांनी वाडीवर जाऊन त्या मुलीची माफी मागायची. आणि एक वर्ष नजरेखाली राहायचं. वर्षभरात त्यांच्या रागाची एक जरी तक्रार आली, मुलीची, पालकाची किंवा पंचाची, तर शिट्टी कायमची काढून घ्यायची. सर 'बरं' म्हणाले आणि दारापर्यंत येऊन परत फिरले.

"एक मागतो," ते म्हणाले. "खेळात चुकला त्याला आपन बाद करतो. त्याला कोन बोलत नाय, मारत नाय. तो बाजूला जाऊन बसतो. त्याच्या मानसांनी समोरचा एक बाद केला का हा उठतो. मलाबी तसं करा. माझा आवाज चढला का मला बाद करा. मी जाऊन बसंन. पोरींनी उठवलं तर उठंन."

"आणि बाद कोण करणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"कर्णधार."

कर्णधार मी. पंधरा वर्षांची, आणि माझ्याच आईने अर्ज दिलेला. दाराच्या फटीतून सर माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. पण मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं.

वाडीवर सर एकटे गेले. तिथे काय झालं ते आम्हाला वनिताने नंतर सांगितलं. तिच्या आईने सरांना बसायला घोंगडी दिली आणि म्हणाली, मला कशाला सांगताव, पोरीला इचारा. सरांनी विचारलं. वनिता म्हणाली, "येतो मी. पन एक हाय. मातीत पाय टाकायच्या आधी आमी समद्या चपला काढताव, पाया पडताव. तुमी नाय काढत." एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सर मैदानावर आले, चपला बाहेर काढून ठेवल्या, माती कपाळाला लावली आणि अनवाणी आत आले. त्यानंतर मी त्यांना मैदानात चप्पल घातलेलं पाहिलं नाही. उन्हाने माती तापलेली असायची तेव्हा त्यांची चाल बघण्यासारखी असे, पण आता हसताना आम्ही तोंड फिरवायचो.

बाद करण्याचं प्रकरण मला आधी जड गेलं. सर ओरडले की मी दुसरीकडेच बघायचे. शेवटी वनितानेच मला कोपराने ढोसलं. "सर, बाद," मी पुटपुटले. सर वाक्याच्या मध्यात होते. ते वाक्य तिथेच टाकून ते निघाले आणि कुंपणाच्या भिंतीपाशी असलेल्या दगडावर जाऊन बसले, तोंड भिंतीकडे करून. खेळ दिसला तर तोंड उघडेल, म्हणून पाठ फिरवायची ही भर त्यांची स्वतःची. त्या पहिल्या संध्याकाळी ते नऊ वेळा बाद झाले. आठवड्याभरात आम्हाला याची अशी चटक लागली की काही जणी त्यांना उठवायचा कंटाळा करू लागल्या. भिंतीकडून हाक यायची, "काय गो, एक बाद व्हत नाय तुमच्याच्यानं? माझं बूड दुखाया लागलं." मग त्या हाकेचा आवाज चढला होता की नव्हता यावर आमच्यात चर्चा व्हायची.

खरी गंमत पुढे झाली. त्यांना राग येताना कळायला लागला. शिरा वर यायच्या, तोंड उघडायचं, आणि माझ्याकडे बघून ते स्वतःच म्हणायचे, "थांब, बोलू नको, मी जातो." दगडावर बसून ते लांब श्वास घ्यायचे, आखणीला घेत तसा. हे मी बघत होते आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की सांगता येत नाही. चाळिशी उलटलेला माणूस आमच्यासाठी नवं काही शिकत होता. ओरडा कमी झाला तसे पापडही कमी झाले, एवढंच एक नुकसान.

शिमग्याच्या आधी रोह्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. आम्ही पेणहून गाडीने गेलो. आम्ही एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचलो आणि समोर रोह्याचाच संघ आला. मैदान एका शाळेचं, माणसं भिंतीवर चढून बसलेली, सगळी त्यांच्या बाजूची. आमचे अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्चीवर. वर्ष पुरं व्हायला अजून आठ महिने होते. गाडीतून उतरतानाच ते सरांना म्हणाले होते, "आज सांभाळ रे बाबा. इथला पंच कडक हाय. त्यानं लिहून दिलं तर माझ्या हातात काय राहनार नाय."

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. वनिता चढाईला गेली. तिने त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीला शिवलं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं, आणि झटापटीत तिचा पाय बाजूच्या पट्ट्यात, लॉबीत गेला. आधी शिवलं असेल तर चालतं. पंचाने ठरवलं की पाय आधी गेला. वनिता बाद, गुण रोह्याला, बरोबरी. माणसं नाचायला लागली.

सर उठले. मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. दोन्ही शिरा. ते माझ्याकडे बघत नव्हते, पंचाकडे बघत होते, आणि अनवाणी पायांनी सरळ त्याच्या दिशेने चालले होते. तोंड उघडलं होतं. एक शब्द निघाला असता तर शिट्टी गेली असती, कायमची. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले.

मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून ओरडले, "सर, बाद."

नाचणारी माणसं थांबली. मग भिंतीवरून कुणीतरी हसलं आणि ते हसू सगळीकडे पसरलं. पंधरा वर्षांची पोर आपल्या सरांना बाद करतेय, असं रोह्यात कुणी पाहिलं नव्हतं. पंचही शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. सर रेषेवर थांबले होते. सरावात भिंतीकडे तोंड करून बसणं वेगळं, आणि इथे, परगावात, शे-दोनशे माणसं हसत असताना बसणं वेगळं. त्यांनी नाही ऐकलं तर काय, हे मला तेव्हाच पहिल्यांदा सुचलं.

सर माझ्याकडे वळले. तोंड मिटलं. मग ते शांतपणे चालत शाळेच्या भिंतीपाशी गेले आणि मातीत मांडी घालून बसले, खेळाकडे पाठ करून.

दोन चढाया उरल्या होत्या. त्यांची आम्ही रिकामी परतवली. शेवटची आमची, आणि वनिता बाहेर बसलेली, म्हणून मला जावं लागलं. समोर सहा जणी होत्या. त्यांची कर्णधार सना, माझ्याहून हातभर उंच, मधोमध हात पसरून उभी. तिला शिवायची माझी हिंमत झाली नाही. मी दम धरून आत शिरले, एक पाय बोनसच्या रेषेपलीकडे टेकवला, दुसरा उचलला आणि जीव घेऊन परत पळाले. पंचाने बोट वर केलं. एक गुण. वेळ संपली. आम्ही जिंकलो.

पुढचा काही वेळ मला नीट आठवत नाही. कुणीतरी मला उचललं होतं. मग आम्ही सगळ्या भिंतीकडे धावलो.

"सर, जिंकलो. उठा."

सरांनी मान वळवली नाही. "कितीनं?"

"एकानं."

"कसा मिळाला?"

"बोनस," मी म्हणाले, आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं.

"बोनसवर कोन उठतं काय गो?" सर भिंतीला म्हणाले.

कबड्डीत हे असंच आहे. बोनसचा गुण मिळतो, पण समोरचं कुणी बाद होत नाही, म्हणून आपलं कुणी उठत नाही. हे त्यांनीच आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं. आम्ही विनवण्या केल्या. अध्यक्ष आले, म्हणाले बक्षीस द्यायला पाहुणे थांबलेत, चल. सर म्हणाले, "मी बाद हाय."

एवढ्यात सना आली. डोळे रडून लाल झाले होते. हरल्यावर कुणी जेत्यांच्या घोळक्यात येत नाही, पण तिला राहवलं नव्हतं. "यांना काय झालंय?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि मागे वळून आपल्या मुलींना हाक मारली. "या गो, परत उभ्या राहा. त्यांच्या सरांना उठवायचं हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन फुकट नाय देनार."

"आधी वनिता उठंल," भिंतीकडून आवाज आला. "ती माझ्याआधी बाद झाली. पयला बाद तो पयला उठतो. मग मी."

म्हणून त्या दिवशी सामना संपल्यावर दोन चढाया झाल्या, ज्यांचा हिशोब कुठल्याही कागदावर नाही. माणसं घरी जायची थांबली. पंच स्वतःहून मधल्या रेषेवर येऊन उभा राहिला. पहिली चढाई मी केली आणि त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीच्या पाठीला हात लावून परत आले. वनिता उठली. दुसरी चढाई तिची.

सनाने खरंच फुकट दिलं नाही. वनिता आत शिरली, एकीला शिवली, आणि परतताना सनाने तिचा घोटा धरला. मागून आणखी दोघी पडल्या. वनिता मातीत पालथी, तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालूच, आणि तीन जणींना ओढत कोपरांवर सरकतेय. खांद्यावर लागलेल्या त्या चपलेची तिला तेव्हा आठवण होती की नव्हती, मी कधी विचारलं नाही. सरांना दिसत काहीच नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून तिचा दम ऐकत होते, आणि मी पाहिलं, त्यांनी स्वतःचा श्वास रोखला होता. वनिताची बोटं रेषेला लागली.

रोह्याची माणसं आपला संघ जिंकल्यासारखी ओरडली. वनिता उठली, माती न झटकता भिंतीपाशी गेली आणि हात पुढे केला. "सर, उठा. माझ्या चढाईवर उठलाव."

सरांनी श्वास सोडला. तिचा हात धरून ते उठले आणि मग तोच हात दोन्ही हातांत धरून रडले, लहान पोरासारखे, शिरा ताणून. आम्हीही रडलो. सनाही पुन्हा रडली, तिला तर कारणही होतं.

आई केव्हा आली होती मला कळलं नाही. तिची गाडी रोह्याच्या स्थानकात लागली होती, सुटायला पंधरा मिनिटं होती, म्हणून ती खाकी कपड्यांत, खांद्याला तिकिटाचं यंत्र अडकवून धावत आली होती. अध्यक्ष डोळे पुसत तिच्याकडे गेले. "बघितलंत ना बाई? आता काढू का ती वर्षाची अट?"

आईने घड्याळ बघितलं. "वर्ष पुरं होऊ द्या," ती म्हणाली, सरांना नमस्कार केला आणि गाडीकडे निघाली.

सरांनी हसून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाचला ते सरावाला आले, अनवाणी, बाह्यांवर सोनेरी रंग. पाच वाजून दहा मिनिटांनी मी त्यांना बाद केलं.